घुम्यांची दुरुस्ती

"जरा चारचौघांत मिसळत जा" हा सल्ला देणाऱ्यांची मला हल्ली चीड येते. मी अहेरीत लहानाचा मोठा झालो. गप्प बसणाऱ्या पोराला इथे तीन नावं तयार असतात : घुम्या, एकलकोंडा, नाहीतर सरळ शिष्ट. मला तिन्ही मिळाली. माणसं आवडत नाहीत असं नाही हो! लग्नाच्या मांडवात दोन तास बसलो की डोकं भणभणतं, एवढंच. मग मी प्राणहितेच्या काठावर जातो आणि पुढचं काम शेवटापासून उलटं मनात मांडून बघतो. लोकांना ते रिकामटेकडेपण वाटतं. असो.

आमच्याकडच्या कितीतरी पोरांच्या घरी गोंडी नाहीतर तेलुगू, शाळेत मराठी, आणि मुलाखतीत इंग्रजी. असा पोरगा तोंड उघडण्याआधी तीनदा तोलणारच. त्याला तुम्ही 'आत्मविश्वास नाही' म्हणून मोकळे होता, आणि व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात टाळ्या पिटायला लावता. याला विकास म्हणायचं?

दुसरी जमात याच्या उलट. इंटरनेटवर चाचणी द्यायची, 'आयएनटीजे' ही अक्षरं मिळवायची आणि स्वतःला दुर्मिळ मास्टरमाइंड समजायचं. अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी युंगने १९२१ साली पुस्तकात मांडली, पण निव्वळ अंतर्मुख माणूस असतो असं तोही म्हणत नव्हता. चार अक्षरं नंतर ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींनी बेतली. दोघीही मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. काही आठवड्यांनी तीच चाचणी परत दिली तर अनेकांची अक्षरं बदलतात! मला ना रोगी व्हायचंय, ना मास्टरमाइंड.

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलं की हेमलकसा येतं. तिथला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा. डॉ. प्रकाश आमटे मितभाषी म्हणूनच ओळखले जातात. सुरुवातीला लोक उपचाराला येत नव्हते, तेव्हा त्यांनी भाषणं ठोकली नाहीत. माडिया भाषा शिकून घेतली आणि वाट पाहिली. २००८ साली मॅगसेसे मिळालं. त्यांना कुठल्या शिबिरात पाठवायचं होतं, सांगा बघू?

हे सगळं मी ताईला ऐकवलं, कारण यंदाच्या सुट्टीत भाच्याला तसल्याच शिबिरात घालायचं ठरलंय. तो दिवसभर एकटाच बुद्धिबळाचा पट मांडून बसतो, हा त्याचा गुन्हा. ताई म्हणाली, फी भरून झालीय, परत मिळत नाही.


भाच्याला विचारलं का? नाही विचारलं.