गोल घुमट पाहिला, आता अक्कलकोट रोडचे मागही पाहू या

सुट्ट्या लागल्या की सोलापूरची मुस्लिम कुटुंबं विजापूर गाठतात. गोल घुमट, इब्राहिम रोजा, जामा मशीद. वेळ असेल तर नळदुर्गचा पाणी महाल. 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून शहरात पर्यटनाची चर्चाही वाढली आहे. या चर्चेत अक्कलकोट रोड एमआयडीसीचं नाव मात्र कुणी घेत नाही. आमच्या मते ते घ्यायला हवं.

कारण साधं आहे. गोल घुमट 1656 मध्ये उभा राहिला, आज तसा घुमट कुणी बांधत नाही. सोलापुरी चादर आणि टॉवेल मात्र आजही रोज विणले जातात. दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. टॉवेलसाठी दोन ताणे लागतात, एक घट्ट आणि एक सैल. सैल ताण्याचे फासे वर येतात आणि तेच पाणी शोषतात. चादरीची नक्षी जेकार्ड ठरवतं. घरात वर्षानुवर्षं चादर वापरणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

या धाग्याला इतिहासही आहे. 1877 मध्ये इथे जुनी मिल सुरू झाली आणि सोलापूर गिरणगाव बनलं. गिरणी कामगारांचे पुढारी आणि पत्रकार अब्दुल रसूल कुर्बान हुसेन याच शहरातले. 1930 च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासोबत त्यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढे मोठ्या गिरण्या बंद पडल्या. विणकाम उरलं ते यंत्रमागांवर, पद्मशाली आणि मुस्लिम दोन्ही घरांत.

इंग्लंडमध्ये क्वारी बँक नावाची 1784 ची कापड गिरणी आज संग्रहालय आहे. तिथे लोकांना दाखवण्यासाठी यंत्रं चालवतात. आपल्याकडची यंत्रं तर पोटासाठी चालू आहेत. ती दाखवायला वेगळा खर्च कितीसा?

अडचणी आहेत. कारखानदार म्हणतील, आवाज, कापसाचा धुरळा, कामाचा खोळंबा, वर नक्षी चोरीला जाण्याची भीती. हे खोटं नाही. पण सगळ्यांनी दार उघडायची गरज नाही. दोन-चार कारखाने, महिन्यातून एक दिवस, शाळेचा एक वर्ग, एवढ्यानं सुरुवात होऊ शकते.

त्याआधी एक गोष्ट व्हायलाच हवी. 18 मे 2025 च्या पहाटे याच एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. त्यांत मालकाच्या घरचे होते, कामगाराच्या घरचेही होते. ज्या जागेत पाहुण्यांची मुलं न्यायला आपण घाबरू, त्या जागेत कामगाराचं लेकरू रात्री झोपत असेल तर तो वारसा कसला? बाहेर पडायला दुसरी वाट, चालू स्थितीतली अग्निशमन यंत्रणा, राहायची जागा कारखान्यापासून वेगळी, एवढं आधी हवं. पाहुणे येणार म्हणून तरी हे झालं, तर पहिला फायदा कामगारालाच होईल.

महापालिका, एमआयडीसी आणि यंत्रमागधारकांच्या संघटनांनी एकत्र बसून हे ठरवावं. आपणही शाळांच्या पालक सभेत हा विषय काढू या. विजापूरला जरूर जा. पण येत्या सुट्टीत ओळखीच्या एखाद्या कारखानदाराला विचारून मुलांना तासभर मागापाशीही उभं करा. विणणाऱ्याला सलाम करायला सांगा आणि बाहेर पडायची दुसरी वाट आहे का, तेही विचारा.