काटा किंचित बाजूला
आकाशवाणीचे मुंबई ‘ब’ केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर लागते असे म्हटले, तरी त्याचे प्रक्षेपण त्या एका बिंदूत मावत नाही. वाहक लहरीचा आयाम ध्वनीनुसार कमीजास्त होताना तिच्या दोन्ही अंगांना पार्श्वपट्ट, म्हणजे तोच ध्वनी वाहणारे वारंवारतांचे पट्टे, उमटतात आणि ४.५ किलोहर्ट्झपर्यंतच्या ध्वनीलाही ९ किलोहर्ट्झ रुंदी लागते. १९७५ च्या जिनिव्हा करारानुसार आशिया, युरोप व आफ्रिकेत मध्यम लहरींवरील लगतच्या वाहिन्यांत अंतरही तेवढेच असल्याने रेडिओतील फिल्टरला फारशी उदारता परवडत नाही. रुंद फिल्टर सनईचा तजेला राखतो, पण रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरची केंद्रे आली की शेजाऱ्याची बडबड आणि दोन वाहकांच्या फरकातून निघणारी बारीक शिट्टीही आत घेतो. अरुंद फिल्टर ती अडवतो, मात्र ‘स’, ‘श’ यांची धार बोथट होऊन निवेदक घोंगडी पांघरून बोलत असल्यासारखा वाटतो. जाणते श्रोते अशा वेळी काटा किंचित सरकवतात: वाहक फिल्टरच्या कडेपाशी गेल्याने एका पार्श्वपट्टातले उंच स्वर पुन्हा ऐकू येतात, आणि साध्या डायोड-शोधकात थोडी विकृती वाढली तरी गोंगाट दुसऱ्या अंगाला असेल, तर बातम्यांपुरता हा सौदा मुळीच वाईट नाही.