ग्रीक पाटी, ल्युथरन घर

अमेरिकन विद्यापीठांतील ‘फ्रॅटर्निटी’ म्हटले की चित्रपटांनी रंगवलेला धुडगूस आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यामुळे इलिनॉय विद्यापीठात १९२५ साली स्थापन झालेल्या ‘बीटा सिग्मा साय’ या ल्युथरन बंधुमंडळाकडे आम्ही प्रथम काहीशा उपहासानेच पाहिले. वारसा मार्टिन ल्युथरचा सांगायचा आणि दारावर पाटी ग्रीक मुळाक्षरांची!

पण ते साल नीट पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील ल्युथरन बहुतांशी जर्मन वा स्कँडिनेव्हियन वंशाचे. पहिल्या महायुद्धात तिथे जर्मन असणे हाच गुन्हा ठरू लागला होता. एप्रिल १९१८ मध्ये याच इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रेगर या जर्मन खाणकामगाराला जमावाने झाडाला फाशी दिले. खटल्यातले सारे आरोपी निर्दोष सुटले. त्याच वर्षी आयोवाच्या गव्हर्नरांनी टेलिफोनवर आणि चर्चमध्येसुद्धा परकी भाषा बोलण्यास मनाई केली. नेब्रास्कात रॉबर्ट मायर या शिक्षकाला ल्युथरन शाळेत जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल दंड झाला. वाचनाला घेतल्या होत्या बायबलातल्या गोष्टी! सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला तो १९२३ साली, म्हणजे या मंडळाच्या स्थापनेच्या अवघी दोन वर्षे आधी.

सरकारी विद्यापीठात आलेल्या ल्युथरन मुलांनी एकत्र राहावे, श्रद्धा, अभ्यास आणि स्नेह सांभाळावा, हा मंडळाचा हेतू. ही आत्मकोंडी आहे, असा आक्षेप घेता येईल. आम्हांला तो अर्धाच पटतो. ज्यांच्या भाषेवर कालपरवापर्यंत बंदी होती, त्यांनी आपले घर बांधताना जर्मन नाव न घेता विद्यापीठातील सर्वांच्या परिचयाची ग्रीक अक्षरे घेतली, यात आम्हांला कोंडून घेण्यापेक्षा आत शिरण्याची धडपड अधिक दिसते. शिवाय ही उसनवारी सोपी नव्हती. ल्युथरनांतील मिसूरी सिनॉडसारख्या सनातनी संघटनेचा गुप्त विधी करणाऱ्या मंडळांना, विशेषतः फ्रीमेसनांना, कडवा विरोध होता. आणि अमेरिकन फ्रॅटर्निट्यांनी आपला थाट बराचसा तिथूनच उचललेला.

आमची तक्रार निराळीच आहे. १९२५ मध्ये विद्यापीठात मुलीही शिकत होत्या, पण हे घर केवळ पुरुषांचे होते. ल्युथरन परंपरेतील ‘फाय बीटा काय’ ही विद्यार्थिनींची संस्था निघाली ती १९७८ साली.