रिकामा बाक कुणाच्या सोयीचा?

होमस्कूलिंग हा शब्द आता पुण्या-मुंबईच्या हौशी पालकांपुरता राहिलेला नाही. सासरी, माहेरी, नवऱ्याच्या गॅरेजवर, शादीच्या मांडवात, कुठंही तो कानावर पडतो. ‘शाळेत काय ठेवलंय? पोरीला घरीच शिकवा. मोबाईलवर सगळं मिळतं. दीनही सांभाळला जाईल आणि दुनियाही.’ माझी मुलगी नगरपालिकेच्या मराठी शाळेत सहावीला आहे, त्यामुळं हा सल्ला मला आठवड्यातून एकदा तरी फुकट मिळतो. मी त्याचा नीट विचार केलाय आणि माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण आधी समोरच्या बाजूला तिचं माप पुरं देते, कारण ती बाजू खोटी नाही.

२०२३ च्या ऑगस्टमधला मुझफ्फरनगरचा व्हिडिओ तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. सात वर्षांचं एक मुसलमान पोर वर्गासमोर उभं आहे आणि बाई खुर्चीत बसून बाकीच्या मुलांना एकेक करून त्याच्या थोबाडीत मारायला सांगतायत. कारण काय, तर पाढे पाठ नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयानं राज्य सरकारला झापलं. पण तो व्हिडिओ पाहिलेल्या आईच्या पोटात जो गोळा आला, तो कुठल्या निकालानं जात नाही. आणि हे फक्त गरिबांच्या शाळेत होतं असंही समजू नका. नाझिया इरम यांचं ‘मदरिंग अ मुस्लिम’ हे २०१७ चं पुस्तक दिल्लीसारख्या शहरांतल्या भारी फीच्या शाळांबद्दल आहे, आणि तिथल्या मुलांना काय काय ऐकावं लागतं ते त्यात आयांनीच सांगितलंय. माझ्या मुलीला भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं गेलं, ‘काल तुम्ही कुणाच्या बाजूनं होता?’ विचारणारा पोरगा अकरा वर्षांचा. त्याचं मला फार वाटलं नाही. शिक्षक हसले, ते लागलं.

शिकवण्याबद्दलही तेच. पाचवी संपली तरी भागाकार न येणारी मुलं मी पाहते. अपूर्णांक माझ्या मुलीला शाळेत नाही, बिर्याणीच्या तांदळाच्या मापात कळले. काही मुलांना चाळीस जणांचा कलकलाट झेपतच नाही. स्वमग्न मूल असेल, आजारी मूल असेल आणि शाळा त्याला नुसतं कोपऱ्यात बसवून ठेवत असेल, तर अशा आईला मी शहाणपण शिकवणार नाही. तिनं घरी शिकवावं, तिला आपण मदत करावी.

पण आपल्या घरांत चर्चा या मुलांची चाललेली नाही. चर्चा आहे बारा-तेरा वर्षांच्या, धडधाकट, हुशार मुलींची. त्याच घरातला भाऊ कुठं शिकतो ते विचारून बघा. माझ्या माहितीतल्या घरांत तो इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो, रिक्षा लावलेली असते, ट्यूशन वेगळी. वातावरण खराब असेल तर ते त्याच्यासाठी का खराब नाही? पूर्वी अशा मुलीबद्दल लोक सरळ म्हणायचे, ‘शाळा सोडवली.’ म्हणणाऱ्याला थोडी तरी लाज वाटायची. आता इंग्रजी शब्द मिळालाय, लाजेचं काम उरलं नाही. दुपारी पोरगी भाकरी थापते, संध्याकाळी धाकट्याला सांभाळते, मधे तासभर मोबाईलवर एखादा व्हिडिओ बघते, आणि पाहुणे आले की सांगायचं, ‘आमची होमस्कूलिंग करते.’

मग हिशेब येतो वेळेचा आणि पैशाचा. घरी शिकवायला घरात एक शिकलेलं, रिकामं माणूस लागतं. ते कोण, हे कुणी विचारतसुद्धा नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलेलं असतं. मी पतसंस्थेत नोकरी करते. एका पोरीची शाळा घरात आणायची तर एका बाईची नोकरी घरातून जाणार. म्हणजे एका फटक्यात दोघी आत. परदेशातल्या ज्या घरांची उदाहरणं व्हॉट्सअॅपवर फिरतात, तिथंही हा हिशेब कुणीतरी भरतच असतं. फक्त फोटोत ते दिसत नाही. आणि जर्मनीसारख्या देशात तर घरशाळा चालतच नाही, ते उदाहरण मात्र कुणी पाठवत नाही.

‘पण दहावी बाहेरून देता येते की!’ येते. सतरा नंबरचा फॉर्म आहे, एनआयओएस आहे. ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी हे दरवाजे आहेत आणि ते उघडेच राहायला हवेत. पण एनआयओएसची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय देता येत नाही. बारापासून चौदापर्यंतची मधली दोन-अडीच वर्षं कोण सांभाळणार? बाई नाहीत, हजेरी नाही, विचारणारं कुणी नाही. मागणी याच वयात यायला लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सच्चर समितीनं २००६ मध्ये सांगितलं होतं की ६ ते १४ वयाच्या मुसलमान मुलांपैकी एक चतुर्थांश मुलं एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच सुटली. त्याच अहवालात असंही होतं की शाळेच्या वयाची आपली जेमतेम तीन-चार टक्के मुलं मदरशात जातात. म्हणजे ‘हे लोक मुलांना मदरशातच घालतात’ ही ओरड खोटी होती; आपला खरा प्रश्न मुलं कुठेच न जाण्याचा होता. ज्या समाजाचं दुखणं हे, त्यानं ‘कुठेच न जाणं’ यालाच नवं नाव देऊन मिरवावं?

इतिहासातली दोन उदाहरणं देते. सावित्रीबाई घरीच शिकल्या, जोतीरावांनी शिकवलं. त्यांच्याइतकी यशस्वी घरशाळा महाराष्ट्रात दुसरी दाखवा! पण त्यांनी १८४८ मध्ये काय केलं? घराबाहेर, भिडेवाड्यात, शेण-चिखल झेलत शाळा चालवली. १८५६ च्या पत्रात त्या जिची काळजी करतात ती फातिमा याच कामातली. दुसऱ्या बेगम रुकैया. बंगालच्या जमीनदार घरातली ही मुलगी रात्री सगळे झोपल्यावर भावाकडून इंग्रजी शिकली. घरी शिकून माणूस किती मोठं होतं याचा तिच्याहून मोठा पुरावा नाही. आणि तिनं १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींची शाळा उघडली, मुसलमानांच्या दारोदार जाऊन ‘मुलगी पाठवा’ म्हणून विनवण्या केल्या. या दोघींना घरातल्या शिक्षणाची किंमत तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. तरी दोघींनी मुलींसाठी मागितली ती शाळाच.

आता भाषेचं. आमच्या घरात दखनी बोलतात, नमाज अरबीत, टीव्ही हिंदीत. मुलीला मराठी आली ती शाळेच्या पटांगणात, भांडणं करत करत. आज ती तलाठी कार्यालयात माझ्या सासूबरोबर गेली तर ताठ मानेनं बोलते. ॲपवरचं शिक्षण इंग्रजीत नाहीतर हिंदीत. म्हणजे ज्या मातीत आपल्या पाच-पंचवीस पिढ्या गेल्या, तिची भाषा आपण आपल्याच हातानं पोरीच्या तोंडातून काढून घ्यायची. आणि मग ‘तुम्हाला मराठी येतं?’ असं कुणी आश्चर्यानं विचारलं की वाईट वाटून घ्यायचं.

शिवाय त्या ‘कुणाच्या बाजूनं होता’ विचारणाऱ्या पोराचं काय? माझी मुलगी वर्गातून उठली की त्याला आयुष्यात एकही मुसलमान मैत्रीण उरत नाही. उरतो तो त्याच्या बापाचा मोबाईल. ज्यांना आपली मुलं वर्गात नको आहेत, त्यांना ती मारून-हाकलून काढायचे कष्टही आपण पडू देत नाही. बाक आपणच रिकामा करून देतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १० सांगतं की मुलाला शाळेत घालणं हे आई-बापाचं कर्तव्य आहे. हे लोक सोयीनं विसरतात. पण कलम १७ आपण का विसरावं? शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला त्यात बंदी आहे. शिक्षकाचं ते हसणं मी याच कलमाखाली, तारीख घालून, लेखी दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, ‘लेखी कशाला ताई, बोलून मिटवू.’ मी म्हटलं, बोलूही, पण आधी पोच द्या. पोच मिळाली. शिक्षकांनी माफी वगैरे मागितली नाही, मात्र पुढच्या सामन्याच्या दिवशी वर्गात तो विषय निघाला नाही. एवढंच झालं, पण ते शाळेत राहून झालं.

याच कायद्याचं कलम २१ म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका. तुमच्या धाकट्या बहिणीच्या शाळेत या समितीवर कोण आहे, माहितीय? आमच्या शाळेत यादी मागितली तर चाळीस टक्के मुलं आपली असून समितीत आपली एकही आई निघाली नाही. कुणी अडवलं नव्हतं. सभेला कुणी गेलंच नव्हतं. नवी समिती निवडायची पालकसभा पुढच्या महिन्यात आहे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. गल्लीतल्या दोघी येते म्हणाल्यात, तिसरी अजून नवऱ्याला विचारतेय.