‘सुजाता’ ते ‘फुले’: दया चालते, जातीचे नाव चालत नाही

बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ १९५९चा, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तीनच वर्षांनी आलेला. नूतनचा अभिनय आजही काळजाला भिडतो. पण त्यात गांधीजी आहेत, बाबासाहेब नाहीत. आणि अस्पृश्य मुलीला आईची माया मिळते ती रक्त दिल्यावर! सेवाग्रामच्या आमच्या वर्धा जिल्ह्याला ही दयेची भाषा चांगलीच परिचित.

अनंत महादेवन यांचा ‘फुले’ दया मागत नाही. २०२५ मध्ये सेन्सॉर बोर्डाने त्यातले ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढायला सांगितले. जोतिबांच्या जयंतीला, ११ एप्रिलला ठरलेले प्रदर्शन २५ तारखेवर गेले. फुल्यांच्याच शाळेतील मुक्ता साळवे हिच्या १८५५च्या निबंधाचे नाव ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’. तो आता पडद्यावर कोणत्या नावाने वाचायचा?