आधी वारा, मग रंग!

नागभीडचा उन्हाळा म्हणजे खरी परीक्षा! मे महिन्यात पारा 45 च्या पुढे. मग अंगणात शेड सेल लावावंसं वाटणारच. पण लोक आधी रंग बघतात. माझं म्हणणं, आधी वारा बघा.

शेड सेल म्हणजे शेवटी शीडच. वादळ सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर वेगाने आलं, तर 0.6 गुणिले वेगाचा वर्ग, असा दर चौरस मीटरला 240 न्यूटन दाब येतो. 4 बाय 4 मीटरच्या कापडावर जवळपास 390 किलोचा जोर! तो काय शेवग्याची फांदी सोसणार? काँक्रीटमध्ये खोल रोवलेले लोखंडी खांबच पाहिजेत.

ताडपत्रीपेक्षा विणलेली जाळी बरी. गरम हवा अडकत नाही, पाणी साचत नाही. समोरासमोरचे दोन कोपरे उंच, दोन खाली ठेवले की कापड दोन्ही दिशांनी ताणलं जातं, फडफडत नाही. म्युनिकच्या 1972 च्या ऑलिम्पिक स्टेडियमच्या छतात फ्राय ऑटोने हेच तत्त्व वापरलं. खालचा एक कोपरा पश्चिमेला घ्या. मे अखेरीस भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, पण चार वाजता सावली पूर्वेला सरकते.

आपले लोक लग्नाचा मांडव काम झालं की उतरवतात. शेड सेलही वादळाचा अंदाज आला की उतरवता यायला हवं. शेवटी त्याखाली आपली आजी आणि लहान पोरंच बसणार ना? मग गणित फक्त पेपरात सोडवून कसं चालेल!