तळ्याकांठची फेरी

नवेगांवबांधचा तलाव सर्वांस ठाऊक आहे. पण गोंदिया जिल्ह्यांत फेरफटक्यास तेवढें दूर जावयास नको. पूर्वीं कोहळी मंडळींनीं भातशेतीसाठीं बांधलेले तलाव गांवोगांवीं आहेत. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तेव्हां ते 'माजी मालगुजारी' झाले. लोकांनीं त्यांस 'मामा तलाव' केलें. मामाकडे जावयास संकोच कसला!

भाद्रपदांत आम्ही मुलांसह अशाच एका पाळीवरून निघालों. रानाच्या कडेस कळलावी फुलली होती. कंद विषारी, म्हणून लांबूनच पाहिली. पाण्यांत कुमुदें थोडीं, परंतु कांठ फिक्या जांभळ्या फुलांनीं भरलेला. धाकटीनें त्यांचीच फांदी आणली व अंगणांत लावूं म्हणाली. तें बेशरम होतें. अमेरिकेंतून आलेल्या या झुडपाची कांडी चिखलांत पडली कीं रुजते. गुरें सहसा तोंड लावीत नाहींत. आणि त्याच्या दाटींत कुमुद, देवधान गुदमरतात, मासळीचा चाराही जातो. या भागांतील ढीवर स्त्रियांनीं तळ्यांत उतरून बेशरम उपटलें आहे, मूळच्या पाणवनस्पती पुन्हां लावल्या आहेत.

हें ऐकूनही धाकटी रुसलीच. ती फांदी आम्हीं पाण्याकांठीं न टाकतां घरीं आणली व उन्हांत वाळत घातली.